फुटलेल्या फ्लश टँकच्या जागी दोन बटणांचा स्लिम टँक: मराठवाड्याच्या पाण्यात तो कसा चालतो

संडासातला फ्लश टँक तडकला की हार्डवेअरच्या दुकानात आता बहुतेक वेळा एकच वस्तू समोर येते: भिंतीला टांगायचा, पांढरा, चपटा, वर दोन बटणं असलेला प्लास्टिकचा टँक. लातूरच्या गंजगोलाईत विचारा, नांदेडच्या वजिराबादेत विचारा, नाहीतर तालुक्याच्या मोंढ्याजवळच्या दुकानात. पॅरीवेअर, हिंदवेअर, सेरा या ओळखीच्या नावांपासून बिननावाच्या खोक्यापर्यंत हाच नमुना मिळतो. हा आढावा त्या नमुन्याचा आहे, एखाद्या कंपनीचा नाही.

निकाल आधी सांगतो. डबा चांगला आहे, फ्लश जोरदार आहे आणि पाणी खरोखर वाचतं. अडचण आतल्या पाणी भरणाऱ्या वॉल्वची आहे. खारं बोअरचं पाणी, टँकरचा गाळ आणि नळाला मधले चार-सहा दिवस खाडा, या तिन्ही गोष्टी ज्या घरात आहेत तिथे टँक डब्यावरून नाही, वॉल्ववरून निवडावा. आणि जुना टँक ज्या चुकीने तडकला तीच चूक पुन्हा झाली तर नवाही तसाच जाणार, म्हणून सुरुवात तड्यापासूनच करू.

आधी तडा कुठे आहे ते बघा

टँकच्या आत पाणी जिथपर्यंत चढतं तिथे क्षाराची पिवळट रेघ असते. तडा त्या रेघेच्या वर असेल तर दुरुस्तीला अर्थ आहे. खाली असेल, विशेषतः तळाच्या भोकाभोवती, तर टँक बदला. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन दिवसातून वीस-पंचवीस वेळा भरतं आणि रिकामं होतं. त्या भागातलं कुठलंही चिकटवणं या ताणापुढे फार दिवस टिकत नाही.

थेंब पडतात म्हणजे तडाच आहे असंही नाही. टँकची बाहेरची बाजू कोरड्या फडक्याने पुसा आणि खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरा. सगळ्यात आधी ओल कुठे दिसते ते बघा: कनेक्शन पाइपच्या नटाखाली, फ्लश पाइपच्या नटाखाली की अंगावरच. नटाखालची ओल वीस-तीस रुपयांच्या वायसरने थांबते आणि लोक त्यासाठी पूर्ण टँक बदलून बसतात. चिनी मातीच्या टँकवर केसासारख्या रेघा दिसल्या तर बाहेरून थोडी नीळ चोळा आणि ओल्या फडक्याने पुसून काढा. रेघ निळी राहिली तर आतून तशीच रेघ आहे का ते बघा. दोन्हीकडे एकाच जागी रेघ म्हणजे आरपार तडा. नुसत्या वरच्या चकाकीला गेलेल्या रेघांनी पाणी गळत नाही.

पाणी बाहेर न येता पॅनमध्येच जात असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी अँगल कॉक (भिंतीतून टँककडे येणाऱ्या पाण्याची चावी) बंद करा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर खोल टँकमध्ये पातळी १ सेंटिमीटर उतरली तर जवळपास ४५० मिलिलिटर पाणी गेलं. तोच वेग दिवसभर राहिला तर एकवीस लिटर होतात. म्हणजे दोन घागरी पाणी, आणि कुणाला पत्ताही नाही.

चिकटवायचंच असेल तर

प्लास्टिक कोणतं आहे यावर सगळं अवलंबून आहे. टँकच्या आत किंवा मागच्या बाजूला खूण सापडली नाही तर सुरीने कडेचा बारीक सालटा काढा, साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्याच्या पेल्यात तो पूर्ण बुडवा आणि सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा तसलंच हलकं प्लास्टिक; त्याला एम-सील किंवा इपॉक्सी धरत नाही, चार दिवसांत पापुद्रा सुटतो. तळाला गेला तर बहुतेक एबीएस, त्याला इपॉक्सी धरतं.

एबीएसच्या टँकला तडा जिथे संपतो तिथे दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा. हे केलं नाही तर तडा चिकटवलेल्या भागाच्या पुढे सरकत राहतो. मग तड्यावर सुरीच्या टोकाने उथळ खाच काढा, दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धुळीचा कण राहू देऊ नका आणि टँक पूर्ण कोरडा करा. एम-सीलचे दोन्ही भाग समान घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा. मळण्यात घाई झाली तर मध्ये मऊ गाठी राहतात आणि तिथूनच पाझर सुरू होतो. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लावा आणि चोवीस तास पाणी भरू नका. फेविक्विक लावू नका. ते तड्याच्या कडा कडक करतं आणि पहिल्या धक्क्याला चीर शेजारून पुढे जाते.

चिनी मातीच्या टँकचा तडा पाण्याखाली असेल तर वाट बघण्यात धोका आहे. तो एक दिवस थेंबाथेंबाने नाही, एकदम फुटतो आणि त्याच्या धारदार कपऱ्या खाली बसलेल्या माणसावर पडतात.

टँक तडकतो कशाने

सगळ्यात मोठं कारण पाना आहे. प्लास्टिकचा नट हाताने घट्ट झाल्यावर वर पाव फेरा पुरे. पाइप पाना लावून ताकदीने आवळला की भोकाच्या कडेला ताण साठतो आणि काही महिन्यांनी तिथून चांदणीसारख्या चिरा निघतात. त्या दिवशी गळती होत नाही, म्हणून बसवणाऱ्याला चूक कळत नाही.

दुसरं कारण सोल्युशन. पीव्हीसी पाइप चिकटवायचं सोल्युशन काही कारागीर टँकच्या आट्यांना आणि वायसरला फासतात, गळू नये म्हणून. त्यातला द्रव एबीएस प्लास्टिकला आतून भेगाळतो. पेंटचं थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांचंही तसंच. फ्लश टँकच्या कुठल्याच सांध्याला सोल्युशन लागत नाही. तिथे रबर पाणी धरतं.

तिसरं, वाकडी भिंत. स्क्रू आवळताना टँकची पाठ भिंतीच्या उंचवट्यावर दाबली जाते आणि टांगायच्या खाचेपासून तडा वर चढतो. अशा ठिकाणी मागे रबराचा तुकडा घालून टँक सपाट करावा. अंगणातल्या पत्र्याच्या संडासात आणखी एक भर पडते: उन्हाची तिरीप रोज टँकवर पडली की पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं आणि कुडकुडीत होतं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याखालचा तो टँक बोटाने दाबला तरी कुरकुरतो. खिडकीला जाळीचं कापड लावलं तरी पुष्कळ फरक पडतो.

दोन बटणांच्या टँकचा हिशेब

जुन्या बाजूच्या दांड्याच्या टँकने दर वेळी दहा लिटर पाणी जातं. नव्यात मोठं बटण ६ आणि छोटं ३ लिटर सोडतं. पाच माणसांचं घर, प्रत्येकी एकदा मोठं आणि चारदा छोटं धरलं तर जुन्या टँकला दिवसाला २५० लिटर लागतात. नव्याला ९० लागतात. रोज १६० लिटर वाचतात. सहा दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत हे ९६० लिटर होतात, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी जवळजवळ पूर्ण. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको. पाहुणे आणि लहान मुलं मात्र दोन्ही बटणं एकदम दाबतात, म्हणून छोट्या बटणावर रंगीत टिकली चिकटवली तर हिशेब कागदावरून प्रत्यक्षात उतरतो.

एक अट आहे. जुना कमोड किंवा इंडियन पॅन दहा लिटरच्या हिशेबाने बनवलेला असेल तर त्याला सहा लिटर कमी पडतात. मग माणूस दोनदा बटण दाबतो आणि बारा लिटर घालवतो. पॅनपासून चेंबरपर्यंतचा पाइप लांब आणि कमी उताराचा असेल तर मैला मध्येच थांबतो आणि तुंबतो. अशा घरी ज्या टँकमध्ये पाणी सोडण्याचं माप कमी-जास्त करता येतं तो घ्या आणि सुरुवात ८ आणि ४ लिटरवर करा. आत सोडण्याच्या वॉल्वच्या नळीवर आकड्यांच्या खाचा असतात, त्यावरची सरकती पट्टी हलवून माप बदलतं. दुकानात झाकण उघडून ही पट्टी दाखवायला सांगा. पुष्कळ स्वस्त टँकमध्ये ती नसतेच.

जुन्या टँकमध्ये पाणी वाचवायला वीट टाकण्याची पद्धत आहे, ती सोडा. वीट विरघळते, तिचा भुगा रबराखाली बसतो. पाण्याने भरून झाकण लावलेली एक लिटरची बाटली ठेवा, बॉल कॉकपासून लांब.

खरी परीक्षा: पाणी भरणारा वॉल्व

जुन्या टँकमध्ये दांडीवाला बॉल कॉक असायचा: पितळी किंवा प्लास्टिकची दांडी, टोकाला गोळा. पाणी चढलं की गोळा वर जातो, दांडी वायसर दाबते, पाणी बंद. आवाज करतो, जागा खातो, पण त्यात अडकण्यासारखं फार काही नाही. स्लिम टँकमध्ये आता उभा, बिनआवाजाचा वॉल्व येतो. तो पाणी बंद करतो ते आतल्या पातळ रबरी पडद्याने, आणि पडदा दाबला जातो तो पाण्याच्याच दाबाने, सुईएवढ्या एका भोकातून. आपल्याकडे सगळी गोची त्या भोकाची आहे.

मराठवाड्यातल्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी अनेक गावांत जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. बादलीच्या कडेला आठवड्यात पांढरा थर बसत असेल तर टँकच्या आतही तोच बसतोय. सुईचं भोक क्षाराने बुजलं की पडदा दाबला जात नाही, वॉल्व बंदच होत नाही आणि जादाचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून गुपचूप पॅनमध्ये जात राहतं. सकाळी गच्चीवरची टाकी रिकामी सापडते आणि दोष मोटारीवर जातो.

दुसरी अडचण दाबाची. दहा मीटर उंचीच्या पाण्याला सुमारे एक बार दाब मिळतो. एकमजली घरात स्लॅबवरच टाकी ठेवलेली असते. तिचा तळ आणि फ्लश टँकचं तोंड यात अडीच मीटरच्या आसपास अंतर, म्हणजे पाव बार दाब. पडद्याच्या पुष्कळ वॉल्वना यापेक्षा जास्त दाब लागतो. मग टँक भरायला पंधरा मिनिटं लागतात, नाहीतर शेवटचं पाणी बंद होता होत नाही. खोक्यावर किमान दाब छापलेला असतो तो वाचा. ०.५ बार लिहिलं असेल आणि घर एकमजली असेल तर कमी दाबाचा वॉल्व मागा किंवा टाकी आणखी आठ-नऊ फूट उंच चढवा. दोन-तीन मजली घरात तळमजल्याला ही अडचण येत नाही. वरच्या मजल्याला मात्र तीच.

स्लिम टँकमध्ये जुना दांडीवाला बॉल कॉक बसवून टाकू, हा विचार अनेकांना सुचतो. आधी मोजा. नेहमीचा गोळा साडेचार इंचाचा असतो आणि टँकची आतली खोली पाच इंचही नसते. गोळा भिंतीला घासला की मधेच अडकतो. आखूड दांडीचा, छोट्या गोळ्याचा बॉल कॉक मिळत असेल तरच हा उपाय करा. जिथे पाणी फारच खारं आहे तिथे आमचं मत सरळ आहे: थोडा जाड दिसणारा, बाजूच्या दांड्याचा जुन्या पद्धतीचा टँक घ्या आणि पाणी वाचवायला त्यात बाटली ठेवा. दिसायला साधा आहे, पण त्याचा प्रत्येक भाग तालुक्याला मिळतो आणि कुठलाही कारागीर तो डोळे झाकून खोलतो.

तिसरा मुद्दा खाड्याचा. टँक तीन दिवस कोरडा पडला की तळाच्या रबरावर उरलेलं पाणी वाळून खरखरीत कण राहतात. नळ आल्यावर टँक भरतो, रबर कणांवर बसतं आणि पाझर सुरू होतो. टंचाईच्या दिवसांत बादलीनेच काम चालवायचं ठरलं असेल तर अँगल कॉक बंद करा, टँक रिकामा करून तळ आणि रबर फडक्याने पुसून ठेवा. कपड्यांचं साबणाचं पाणी किंवा आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी टँकमध्ये ओतू नका. आरओच्या पाण्यात क्षार आणखी दाट असतात, साबणाच्या पाण्यात कपड्यांचे धागे. दोन्ही बादलीने थेट पॅनमध्ये जाऊ द्या, तिथे ते उत्तम काम करतं.

बसवताना

दुकानात जाण्याआधी मापं कागदावर घ्या: भिंतीतल्या दोन स्क्रूंमधलं अंतर, पॅनच्या मागच्या तोंडाची फरशीपासूनची उंची, भिंतीपासून त्या तोंडापर्यंतचं अंतर, पाण्याचं कनेक्शन डावीकडे आहे की उजवीकडे, आणि फ्लश पाइपचा व्यास. पाइप ३२ मिलिमीटरचा आणि ४० मिलिमीटरचा असे दोन्ही मिळतात; अंदाजाने आणलेला पाइप हमखास दुसरा निघतो. पाइपभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा: साधारण दहा सेंटिमीटर म्हणजे ३२, साडेबारा म्हणजे ४०. कमोडचं झाकण उघडल्यावर टँकला टेकून उभं राहतं का, पुढे पडतं का, हेही बघा.

ज्यांचा टँक चिनी मातीचा आणि कमोडवरच बसवलेला आहे त्यांनी थांबावं. त्या कमोडचं पाण्याचं तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे भिंतीवरच्या टँकचा बेंड पाइप त्याला तसाच बसत नाही. त्याच मॉडेलचा टँक शोधावा लागतो. बोल्टच्या भोकांचं अंतर जुळलं नाही तर पूर्ण सेट बदलावा लागतो. तो मिळाला तर पितळी बोल्ट घ्या, लोखंडी नको, आणि प्रत्येक बोल्टला आत रबरी वायसर. दोन्ही बाजू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा.

जुना काढताना पहिला धोका अँगल कॉकचा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक क्षाराने जाम होतो. जोर लावला तर तो भिंतीतल्या एल्बोसकट पिळला जातो आणि मग फरशी फोडावी लागते. फिरत नसेल तर गच्चीवरची चावी बंद करून पाणी काढून घ्या आणि कॉकही बदला. टँक रिकामा केल्यावर तळाला एखादा लिटर पाणी उरतंच, ते स्पंजने टिपा. मग कनेक्शन पाइपचा नट, फ्लश पाइपचा नट, आतले स्क्रू, या क्रमाने सुटं करा. टँक हुकावर असेल तर वर उचलून पुढे घ्या.

नव्या टँकची भोकं जुन्याशी क्वचितच जुळतात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर टँकच्या पाठीची भोकं उतरवून घ्या, तो पुठ्ठा भिंतीला लावून लेव्हल बघा आणि मग खुणा करा. टाइल्सवर चिकटपट्टी लावून ड्रिल आधी ठोक्याशिवाय चालवा. टाइल पार झाल्यावरच ठोक्यावर घ्या. ८ मिलिमीटरची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लास्टिकचा तुकडा) विटेच्या भिंतीत चांगली धरते. धाब्याच्या जुन्या घरात, दगड-मातीच्या भिंतीत ती धरत नाही, माती नुसती भुगा होऊन गळते. तिथे भिंत खोदून सिमेंटात लाकडी गुट्टी बसवा, दोन दिवस वाळू द्या, मग स्क्रू मारा. भरलेल्या टँकचं वजन बारा-तेरा किलो होतं आणि वरून कुणीतरी हात टेकतंच.

फ्लश पाइप हॅक्सॉने कापला की कड कानशीने साफ करा. खडबडीत कड रबर फाडते. पॅनच्या रबरात पाइप तीन-चार सेंटिमीटर आत जावा. त्याहून जास्त घुसवला तर पॅनमधलं पाणी फिरण्याची वाट अडते आणि फ्लश एकाच बाजूने येतो. रबर घालताना साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. इथे चिंधी गुंडाळून वर पांढरं सिमेंट थापण्याची सवय पक्की आहे. तसं केलं तर पुढच्या वेळी पाइप निघत नाही, पॅनचं तोंड फुटतं. तीस-चाळीस रुपयांच्या रबरासाठी कमोड घालवू नका.

टेफ्लॉन टेप कुठे लावायची हेही नीट बघा. भिंतीतल्या एल्बोत अँगल कॉक जातो तिथे आट्या पाणी धरतात, तिथे टेप आट्यांच्या दिशेने आठ-दहा फेरे. कनेक्शन पाइपच्या दोन्ही टोकांना आत वायसर असतो, तिथे टेप नको. टँकच्या प्लास्टिकच्या आट्यांवर तर नकोच. टेपच्या जाडीने नट तिरका चढतो आणि आट्या कापल्या जातात. वायसर टँकच्या आतल्या बाजूने आणि नट बाहेरून, हा क्रम उलटा झाला की कितीही आवळा, ठिबकत राहतं.

पाइप टँकला जोडण्याआधी त्याचं मोकळं टोक बादलीत धरा आणि अर्धी बादली पाणी सोडा. चार दिवसांच्या खाड्यानंतर पहिल्या पाण्याबरोबर गंज आणि वाळू येते. ती वॉल्वच्या जाळीत गेली की नवा टँक पहिल्याच दिवशी ‘खराब’ निघतो. जोडल्यावर पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली अडीच सेंटिमीटर येईल असा गोळा किंवा स्क्रू फिरवा. मग खाली कोरडा कागद, एक तास वाट, आणि शेवटी टँकमध्ये नीळ टाकून अर्धा तास फ्लश न करता पॅन बघा. पॅन निळं झालं तर तळाचं रबर नीट बसलेलं नाही.

देखभाल आणि खरेदी

जड पाण्याच्या घरात दर तीन महिन्यांनी जाळी आणि रबर काढून साफ करावं लागतं. मगभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व टाकून प्लास्टिकचे भाग तासभर भिजवा, रबर पंधरा मिनिटं, आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. सुईच्या भोकात सुई घालू नका, भोक मोठं झालं की वॉल्व कायमचा गेला. जोरात पाणी सोडून साफ करा. संडास धुवायचं ॲसिड टँकमध्ये ओतू नका. ते बोल्ट खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली की विषारी वायू निघतो. टँकमध्ये टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनी तळाचं रबर कडक होतं. वास हवा असेल तर पॅनच्या कडेला अडकवायची वडी घ्या.

भिंतीत गाडलेल्या टँकचा विचार इथे नको. वॉल्व दर तीन महिन्यांनी उघडावा लागणार आणि तो भिंतीच्या आत.

खरेदी करताना आयएसआयची खूण बघा. प्लास्टिकच्या फ्लश टँकसाठी आयएस ७२३१ हा क्रमांक असतो. मग झाकण उघडून बोटाने भिंत दाबा. पातळ डबा आत जातो. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: याचा आतला वॉल्व आणि तळाचं रबर सुटं मिळतं का? आता दाखवता का? काढून दाखवलं तर टँक घ्या. ‘कंपनीकडून मागवावं लागेल’ हे उत्तर आलं तर तो टँक कितीही देखणा असला तरी ठेवून द्या, कारण डबा दहा वर्षं राहील आणि रबर दोन वर्षांत मागावं लागेल. घेतलाच तर त्याच दिवशी तळाचं एक रबर, एक कनेक्शनचा वायसर आणि भरणाऱ्या वॉल्वचा एक पडदा जास्तीचा घ्या. बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या, नुसतं ‘फ्लश टँक १ नग’ नको.

टँक बसला की झाकणाच्या आतल्या बाजूला मार्कर पेनने बसवल्याची तारीख, मॉडेल आणि फ्लश पाइपचं माप लिहा. जास्तीचं रबर पिशवीत घालून संडासाच्या माळ्यावर ठेवा, उन्हापासून लांब.